एका दमात चौदा शब्द

काल रात्री काय जेवलात, हा प्रश्न मी एकतीस वर्षं लोकांना विचारत आले आणि त्याचं उत्तर एकदाही ऐकलं नाही.

म्हणजे कानावर पडायचं. पण त्यातल्या भाकरी-पिठल्याशी मला काडीचं देणंघेणं नव्हतं. मी महादेवी हत्तुरे. सोलापुरात एका शाळेत खेळाची बाई होते, आणि निवृत्त झाल्यावर जुन्या गिरणीमागच्या मैदानावर पळणाऱ्यांचा एक गट चालवायला घेतला. सकाळी सहाला पंधरा-सोळा जण जमतात. गुरुवारी वेगबदलाचा सराव असतो. आधी एक मिनिट जोरात, मग दोन मिनिटं जोरात, मग तीन, आणि तसंच उतरत खाली. प्रत्येक जोरानंतर दोन मिनिटं सावकाश. आम्ही त्याला चढ-उतार म्हणतो. एक शिट्टी म्हणजे सुटायचं, दोन शिट्ट्या म्हणजे आवरतं घ्यायचं. सावकाशच्या फेरीत प्रत्येकानं कडुलिंबाखाली पडलेल्या लोखंडी रोलरपाशी माझ्यासमोरून जायचं आणि काल रात्री काय जेवलो ते मोठ्यानं सांगायचं. एका दमात सांगितलं तर पुढे जा. 'भाकरी', मग श्वास, 'शेंगाचटणी', मग श्वास, असं तुटायला लागलं की एक फेरी रोलरवर बसायचं. शाळेतल्या मुलांपासून माझी हीच रीत.

छातीवरचा ठोके मोजणारा पट्टा चुकेल, मनगटावरचं घड्याळ चुकेल, माणूस स्वतःशीच खोटं बोलेल, पण तुटलेला दम लपवता येत नाही. मी शब्द मोजायची, अर्थ सोडून द्यायची. श्रीनिवास येमूल म्हणून आमचा एक वात्रट आहे, चादरींचे माग चालवतो. त्यानं एकदा माझ्यासमोरून जाताना ठणठणीत आवाजात सांगितलं, की काल रात्री विटा, वाळू आणि दोन वाट्या सिमेंट जेवलो. मी म्हटलं, ठीक आहे, चल पुढे. सगळं मैदान हसायला लागलं आणि मला दोन मिनिटं कळेना की झालंय काय. पुढे वर्षभर ते माझी थट्टा करत होते. मीही हसायची. त्या थट्टेत काय धोका होता ते तेव्हाच कळलं असतं तर आज हे सांगत बसायची वेळ आली नसती.

पट्टी आली ती त्याच सुमाराला. तिचं नाव निश्रम. नखाएवढी, कातडीच्या रंगाची, कानामागे चिकटवायची. उन्हाळे इतके वाढले होते, की फेब्रुवारीतच सकाळी साडेसहाला पारा तिशी ओलांडायचा आणि लोक पळायचं सोडून घरात बसायला लागले होते. त्यात ही पट्टी म्हणजे आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं.

तिचं शास्त्र मला डॉक्टर फरहाना मुजावर यांनी समजावलं. त्या मेंदूच्या डॉक्टर, आणि आमच्याच गटात पळतात. त्यांचं म्हणणं असं, की थकवा पायात नसतोच. पायातून, फुप्फुसातून, हृदयाकडून सारख्या बातम्या मेंदूकडे जात असतात, आणि मेंदू हा मोठा भित्रा कारभारी. कोठारात अर्धं धान्य शिल्लक असतानाच तो 'संपलं, संपलं' म्हणून ओरडतो. त्या ओरडण्याला आपण थकवा म्हणतो. कानामागे एका लांबलचक चेतातंतूची फांदी कातडीच्या अगदी जवळून जाते. पट्टी तिथून बारीक विजेचे ठोके पाठवते आणि मेंदूला शिकवते, की या बातम्या नेहमीच्याच आहेत, मनावर घेऊ नको. बातम्या येत राहतात, फक्त कुणी ऐकत नाही. श्वासाची लयही ती लावून देते, त्यामुळे धापसुद्धा लागत नाही.

मी विचारलं, मग माणूस पळून पळून मेला तर. त्या म्हणाल्या, त्याची सोय आहे. पट्टी हृदयाचे ठोके मोजते आणि हद्द ओलांडली की स्वतः बंद पडते. अंगातली उष्णता मोजते का, असं विचारल्यावर त्यांनी माहितीपत्रक काढून वाचलं. मोजत नव्हती. गरज नाही असं कंपनीनं लिहिलं होतं, कारण फार उकडलं की माणूस आपोआप थांबतोच. आम्ही दोघींनी ते वाक्य वाचलं आणि दोघींनाही त्यात काही खटकलं नाही. माझं सोडा, त्या तर डॉक्टर होत्या.

तरी मी पट्टीला मैदानावर बंदी घातली. शास्त्र पटलं नाही म्हणून नव्हे. माझी एकतीस वर्षांची कसोटी एका नखाएवढ्या तुकड्यानं निकालात काढावी, हे माझ्या पचनी पडत नव्हतं. ज्याला पट्टी लावायची त्यानं खुशाल दुसरं मैदान बघावं, असं मी सांगून टाकलं. तिघे जण गेलेही. चार महिने मी ती बंदी चालवली. मोडली तीही मीच, आणि माझ्या भावासाठी मोडली.

शिवशरण माझ्याहून सात वर्षांनी लहान. मी लग्न केलं नाही, त्यामुळे आईमागे मला घरचं म्हणावं असं ते एकच माणूस. पाणीपुरवठ्यात नोकरी, शेजारच्या गल्लीत घर, एक मुलगी, ती लग्न होऊन हुबळीला. बायको कस्तुरी. ती दोघं आदर्श जोडपं वगैरे काही नव्हती, रोज भांडायची. पण शरणचं भांडण, जेवण, झोप, सगळं तिच्याभोवती होतं. कस्तुरी त्याच्या दीड वर्ष आधी कावीळ होऊन अकरा दिवसांत गेली. त्यानंतर हा माणूस जो बसला तो बसलाच. मी त्याला ओढून मैदानावर आणायची. अर्धी फेरी पळला की रोलरवर येऊन बसायचा. काय जेवलास विचारलं की बघत राहायचा. जेवलेलाच नसायचा. गुडघे दुखत नव्हते, छाती ठणठणीत होती. दमलोय अक्का, एवढंच म्हणायचा. अंघोळ करून दमायचा, चपला घालून दमायचा.

डॉक्टर मुजावरांनीच एक दिवस विषय काढला. दुःखानं येणारा थकवा आणि पळून येणारा थकवा, मेंदूला यांत फारसा फरक कळत नाही, दोन्ही एकाच दारानं आत येतात, असं त्यांचं मत. पट्टीनं ते दार थोडं लोटून घेता येईल. दिवसाला दीड तास, त्याहून जास्त नाही. मी आठवडाभर कुरकुरले. मग शरणच्या मुलीचा, प्रांजलीचा, फोन आला, की आत्या, बाबा फोनवर नुसता श्वास घेतात, बोलत नाहीत, मला रात्रभर झोप येत नाही. दुसऱ्या दिवशी मी पट्टी आणली. कानामागचं त्याला दिसत नव्हतं, म्हणून पहिली पट्टी मी माझ्या हातानं चिकटवली.

तो फरक मी विसरणार नाही. पहिल्या दिवशी त्यानं चार फेऱ्या मारल्या. महिन्याभरात दहा किलोमीटर. जेवायला लागला, दाढी करायला लागला, येमूलच्या वात्रटपणाला जशास तसं उत्तर द्यायला लागला. प्रांजलीला स्वतःहून फोन करायचा. मैदानावरचे म्हणाले, बाई, भावाला एक न्याय आणि आम्हाला एक का. खरंच होतं ते. मी बंदी उठवली. पुढच्या गुरुवारी सोळापैकी चौदा जणांच्या कानामागे पट्टी होती. उरलो दोघे. मी पळत नव्हते, आणि येमूलला चिकटपट्टीनं पुरळ उठायचं.

प्रश्न विचारायची रीत मी चालूच ठेवली. आता सगळेच एका दमात बोलायचे. लांबच लांब वाक्यं, मधे कुठे अडखळणं नाही. रोलरवर येमूल एकटा बसलेला असायचा. मला वाटलं, गट फार पुढे गेला. खरं तर तेव्हा माझी कसोटी काहीच मोजत नव्हती. ज्या गोष्टीवर ती उभी होती तीच पट्टीनं काढून घेतली होती, आणि मी आपली शब्द मोजत उभी होते. सवयीचं माणूस सवय सोडत नाही, ती कामाची उरली नसली तरी.

शरण पट्टी दिवसभर लावतो हे मला साधारण दीड-दोन महिन्यांनी कळलं. झोपतानाही लावायचा. मी रागावले. तो शांतपणे म्हणाला, की अक्का, ती काढली की पाचेक मिनिटांत घर अंगावर येतं. मी ती तशीच राहू दिली. डॉक्टरांना सांगायला हवं होतं. पण डॉक्टरांनी काढायला लावली असती आणि मला माझा बसून राहिलेला भाऊ परत मिळाला असता. तो मला नको होता. हे मी आता स्पष्ट सांगते, तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

मग कस्तुरीचं दुसरं पुण्यस्मरण आलं. प्रांजली हुबळीहून आली होती. आमच्या लिंगायतांत त्या दिवशी समाधीवर जाऊन पूजा करतात, बेलपान वाहतात, जंगम स्वामींना जेवू घालतात. सकाळी सगळी तयारी झाली आणि शरणचा पत्ता नाही. अकरा वाजता आला तो घामानं निथळत, बत्तीस किलोमीटर पळून. आम्ही समाधीवर जाऊन आलोही होतो. त्याला विसर पडला नव्हता. तारीख त्याला पक्की ठाऊक होती. जावंसं वाटलं नाही, असं त्यानं सांगितलं, त्यात चिडणं नव्हतं की लाज नव्हती. मग पाटावर बसून पोटभर जेवला. प्रांजली मागच्या दारी जाऊन रडली. मी तिला म्हटलं, अगं, निदान जेवतोय ना. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच शरम वाटली.

त्यानंतर सहा आठवड्यांनी, एका गुरुवारी, ते झालं.

एप्रिल होता. सहा वाजता तेहतीस अंश, वर ढगाळ, दमट, पान हलत नव्हतं. पूर्वीच्या दिवसांत मी असल्या हवेत सराव रद्द करून सगळ्यांना घरी धाडलं असतं. पण गट ताजातवाना दिसत होता. मी पाणी प्यायला लावलं, एका रांगेत उभं केलं, नेहमीसारखं सांगितलं: एक, दोन, तीन, दोन, एक, पहिल्या मिनिटात जीव खाऊ नका, तिसऱ्यासाठी राखून ठेवा. शिट्टी मारली.

पहिलं मिनिट झालं. सावकाशच्या फेरीत शरण सगळ्यांच्या पुढे माझ्यासमोरून गेला. ज्वारीची भाकरी आणि दोडका, असं काहीतरी म्हणाला. चल पुढे.

दोन मिनिटांचा जोर झाला. तो त्यानं येमूलला दहा-बारा पावलं मागे टाकून पूर्ण केला. पुन्हा दोन शिट्ट्या. मी रोलरपाशी उभी. तो आला. चेहरा लाल होता, पण लाल सगळ्यांचेच होते. कपाळ कोरडं दिसलं. मला वाटलं, पुसलं असेल. मी विचारलं.

"काल कस्तुरीनं हुलग्याची शेंगोळी केली होती, वर लिंबू पिळून, मी दोनदा वाढून घेतली, अक्का."

एका दमात. आवाज कुठे चिरला नाही, शब्द कुठे अडकला नाही. मी मोजले. चौदा शब्द. मी म्हटलं, "शाब्बास. आता तीन मिनिटं. जा."

त्याच्या मागोमाग येमूल होता. त्यानं ते ऐकलं होतं. तो माझ्यापाशी थांबला, हात वर करून शरणकडे दाखवायला लागला. बाई, म्हणाला, मग धाप, मग शरण, मग पुन्हा धाप. त्याला पट्टी नव्हती ना. तोंडातून शब्द फुटत नव्हता. मी म्हटलं, दम तुटलाय तुझा, रोलरवर बस, बोलू नको. तो मान हलवत होता. मी त्याच्या खांद्याला धरून त्याला खाली बसवलं आणि पाठ फिरवून शिट्टी मारली.

ज्याला बोलता येत होतं त्याला मी पुढे पाठवलं, आणि ज्याला काही सांगायचं होतं त्याला गप्प बसवलं. एकतीस वर्षांच्या अनुभवानं.

येमूलला पूर्ण वाक्य बोलायला मिनिटभर लागलं असेल. "बाई, तो कस्तुरीवहिनी म्हणाला." मी म्हटलं, कोण. आणि मग ते चौदा शब्द मला ऐकू आले. मागून, एकेक करून, अर्थासकट.

मी शिट्टी फुंकायला लागले. दोन, दोन, दोन. सगळे आवरले, शरण आवरला नाही. तो कधी नव्हे इतक्या वेगानं पळत होता, छान, सरळ, खांदे सैल, शाळेत मी मुलांना शिकवायची तसा. वळणावर तो वळलाच नाही. सरळ गिरणीच्या कुंपणाच्या भिंतीकडे गेला, तिला धडकला आणि पडला. आम्ही पोचलो तेव्हा आडवा पडूनही त्याचे पाय चालत होते. डोळे उघडे होते. मी नाव घेतलं तर माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला की आलोच.

कातडी तव्यासारखी तापली होती. डॉक्टर मुजावरांनी पट्टी ओरबाडून काढली. रस्त्यावरच्या रसवंतीतून येमूलनं बर्फाची अख्खी लादी खांद्यावर घालून आणली, फोडली, काखेत, मानेखाली, जांघेत ठेवली. दवाखान्यात नेलं तेव्हा ताप बेचाळीसच्या वर होता, अंश सेल्सिअसमध्ये. हृदयाचे ठोके एकदाही हद्दीबाहेर गेले नव्हते. पट्टीच्या हिशेबानं तो अगदी ठीक होता.

बावीस दिवसांनी शरण शुद्धीवर आला. बोलतो, चालतो, ओळखतो. डॉक्टर मुजावरांनी मला बसवून नीट सांगितलं. उष्माघातात मेंदूचे काही भाग भाजून निघतात. त्याची नवी आठवण फार टिकत नाही आणि मधली दोन-अडीच वर्षं पुसली गेली आहेत. दुसरी गोष्ट त्यांना नीट सांगता आली नाही, कारण ती कुणालाच नीट माहीत नव्हती. सहा-सात महिने रात्रंदिवस बातम्या न ऐकण्याची सवय लावल्यावर मेंदूला आता पट्टीशिवायही त्या ऐकू येत नव्हत्या. थकवा परत येईल का, मी विचारलं. त्या माझा हात धरून रडल्या. मीही रडले. त्यांच्यावर रागावणं मला जमलं नाही. पट्टी चिकटवणारी मी होते.

चौकशी समिती बसली. मोठ्या टेबलामागे पाच जण. त्यांचा एक प्रश्न मुद्द्याचा होता: घटनेआधी शिवशरण यांच्या बोलण्या-वागण्यात काही लक्षण दिसलं का? बाहेर बाकड्यावर बसलेलो असताना गटातल्या एकानं मला सुचवलं होतं, की बाई, दम लागलेला नव्हता एवढंच सांगा, ते खोटंही नाही. खोटं नव्हतंच.

मी सांगितलं, "त्यानं मला सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी मेलेल्या बायकोनं काल जेवायला वाढलं. मी शब्द मोजले आणि त्याला शाब्बास म्हणून पुढच्या फेरीला पाठवलं."

येमूल बाहेर म्हणाला, की काय गरज होती. गरज त्यांना नसेल, मला होती. अहवाल आला त्यात लिहिलं होतं, की प्रशिक्षकाचं दुर्लक्ष हे प्रमुख कारण, आणि पट्टीच्या पुढच्या आवृत्तीत उष्णता मोजण्याची सोय असावी. ती आवृत्ती दिवाळीला बाजारात आली. आधीपेक्षा जास्त खपते म्हणतात. माझा गट फुटला. बहुतेक जण दुसरीकडे पळतात, चांगले पळतात. मैदानावर आता येमूल येतो, डॉक्टर कधीमधी येतात, त्यांनी पट्टी सोडली. आणि शरण येतो, माझ्यासोबत.

त्याला मी माझ्याकडे आणलंय. त्याला वाटतं, तो दोन दिवसांसाठी बहिणीकडे राहायला आलाय आणि कस्तुरी गल्लीपलीकडे घरी आहे. सुरुवातीला मी खरं सांगितलं. एकदा नव्हे, तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा ती त्याच्यासाठी नव्यानं मेली. त्याचा चेहरा तिन्ही वेळा सारखाच झाला. तासाभरानं विसरला. माझ्या लक्षात राहिलं. चौथ्यांदा सांगायची माझ्यात हिंमत नाही. प्रांजलीला फोनवर विचारलं, तर ती म्हणाली, नका सांगू आत्या.

सकाळी आम्ही मैदानावर जातो. पळायची त्याला मनाई आहे, चालायची मुभा आहे. पण चालायला लागला की तो थांबत नाही. एकदा विसरलेला फोन आणायला मी घरी गेले, दहा मिनिटांऐवजी पाऊण तास लागला, तर येऊन बघते तो टाचा सोलवटून चपलेत रक्त, आणि स्वारी मजेत चालतेय. त्याला काही कळलंच नव्हतं. म्हणून आता मी घड्याळ लावून रोलरपाशी उभी राहते. आठ मिनिटं झाली की दोन शिट्ट्या मारते. शिट्टीचं मात्र तो अजून ऐकतो. येऊन रोलरवर बसतो, पाणी देते ते पितो. दमलास का, मी दर वेळी विचारते. नाही अक्का, तो दर वेळी म्हणतो. मग मीच ठरवते, की आता हा दमला. माझे गुडघे दुखायला लागले की त्याचेही दुखत असतील असं धरून चालते. पासष्टीला टेकलेय मी. माझ्यामागे कोण ठरवणार, हा विचार पहाटे उठल्यापासून माझ्या डोक्यात असतो.

जेवणाचा प्रश्नही विचारते. त्याचं उत्तर ठरलेलं: कस्तुरीनं शेंगोळी केली होती. पहिल्या दिवशी ते ऐकून मी त्याला घरी आणलं. त्या रात्री शेजारणीला विचारून हुलग्याचं पीठ आणलं आणि आयुष्यात पहिल्यांदा शेंगोळी वळायला बसले. स्वयंपाक ही माझी बाजू कधीच नव्हती. जाडजूड, वेडीवाकडी झाली, एक बाजू कच्ची राहिली. पण निदान तो खोटं तरी बोलणार नाही, अर्धं का होईना. तेव्हापासून रोज रात्री तीच करते. येमूल म्हणतो, बाई, वेड लागेल तुम्हाला. लागू दे.

परवा गुरुवार होता. हवा बरी होती. आठ मिनिटं झाली, मी शिट्टी मारली, शरण येऊन रोलरवर बसला. येमूल शेजारी बुटाची नाडी बांधत होता.

मी विचारलं, "काल रात्री काय जेवलास?"

"कस्तुरीनं शेंगोळी केली होती."

इथे तो नेहमी थांबतो. परवा थांबला नाही. त्यानं पाण्याची बाटली गुडघ्यावर ठेवली आणि थोडा विचार केला. "पण अक्का, आजकाल तिच्या हाताला चव राहिली नाही गं. पीठ नीट मळत नाही ती. मीठ कमी असतं. दमली असेल. तू सांग तिला, रोज रोज नको करू म्हणावं."

म्हणजे कालची चव त्याला सकाळपर्यंत आठवत होती. मी केलेली, माझ्या हातची. आणि दमणं म्हणजे काय, हे त्याला अजून माहीत होतं. स्वतःचं नव्हे, तिचं. येमूल नाडी सोडून माझ्याकडे बघत होता. मी शब्द मोजले नाहीत. शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सांगते तिला," मी म्हटलं.